पहिल्या जाहिरातीतली रिंग

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. माझा रंग एकेकाळी हिरवा होता. आता कोणता आहे, ते धूळ पुसल्याशिवाय सांगता यायचं नाही. मी जन्मात एकही सिनेमा पाहिलेला नाही. टीव्ही आतल्या खोलीत आणि मी बाहेर बोळातल्या फळीवर. पण सिनेमांवरची आणि मालिकांवरची जेवढी मतं माझ्या तारेतून गेली, तेवढी क्वचितच कोणी ऐकली असतील.

कारखान्यात माझी घंटी तपासणाऱ्या बाईंनी मला सात वेळा वाजवलं आणि त्या म्हणाल्या, "हा खणखणीत आहे." एवढी स्तुती मला बरीच वर्षं पुरली.

या घरच्या ताई शिवणकाम करत. त्यांचे दादा दुसऱ्या गावी बस चालवत. दर गुरुवारी संध्याकाळी दोघं आपापल्या घरी एकच मालिका बघत. पहिली जाहिरात लागली की जो आधी उठेल त्याने एक रिंग द्यायची आणि ठेवून द्यायचं. अर्थ एवढाच, की मी बघतोय, तूही बघ. खरा फोन भाग संपल्यावर.

दादा गोष्ट कमी आणि रस्ता जास्त बघत. ताईंना ते लहानपणापासून ठमी म्हणत. "ठमे, तो नायक अर्धा तास गाडी हाकतोय आणि एकदाही आरशात बघत नाही. याला लायसन दिलं कोणी?"

"आणि ती गरीब विधवा? तिच्या बाहीच्या चुण्या बघितल्यास? तसली बाही शिवायला मला दोन दिवस लागतात. गरीब म्हणे!"

"रडली मात्र छान."

"रडेल नाही तर काय करेल? काखेत घट्ट होतंय तिला!"

मग दोघं इतके हसायचे की पुढचा मिनिटभर माझ्यातून एक शब्द जायचा नाही.

त्यांचा एक नियम होता आणि तो ताईंनीच केला होता. शेवट फोडायचा नाही. ज्याने फोडला, त्याने समोरच्याचा फोन येईपर्यंत स्वतः फोन करायचा नाही. हा नियम ताईंनी स्वतः चारदा मोडला. चारही वेळा दादांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून "सुटलीस" म्हटलं.

गेल्या वर्षी एक नवा सिनेमा आला. दादा तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी तो पहिल्याच दिवशी पाहिला आणि उत्साहाने फोन केला. "ठमे, गाडीचा ब्रेक नीट बघ हं. तो त्या डॉक्टरनेच कापलेला..."

"दादा, रविवारचं तिकीट काढलंय मी."

"तोंडातून निसटलं गं."

"निसटू दे." ताईंनी रिसीव्हर आपटला. सुनेला म्हणाल्या, "आठवडाभर तरी गप्प बसू दे त्याला."

त्याच आठवड्यात सुनेचं बाळ घरी आलं. माझ्या पोटाखाली आवाजाचं एक छोटं चाक आहे. ताईंच्या लेकाने ते बाळाच्या झोपेसाठी अगदी खाली फिरवलं आणि तो विसरून गेला.

गुरुवार आला. पहिल्या जाहिरातीत माझ्या आतली दांडी थरथरली. एकच रिंग! रिंग म्हणजे काही फोन नव्हे, म्हणजे नियम मोडला नव्हता. बसवाल्याने बरोबर गल्ली शोधली होती. पण माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. ताई दारात येऊन माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. "साधी एक रिंगसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "मग मीच का करू?"

असे अकरा गुरुवार गेले. अकराही वेळा मी थरथरलो. मित्रांनो, निरोप पोटात असून तोंड उघडता येऊ नये, याहून मोठा एकटेपणा मला ठाऊक नाही. एका गुरुवारी ताई भाग संपल्यावर बोळात आल्या आणि भिंतीला म्हणाल्या, "त्या विधवेला आज नवी बाही दिली बरं का." त्या आत निघून गेल्या.

बाराव्या गुरुवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. सकाळीच लेक म्हणाला होता, "आई, हा फोन काढून टाकू या ना. वाजतो तरी कधी?" ताईंनी होकाराची मान हलवली होती. संध्याकाळी पहिल्या जाहिरातीत त्या फडकं घेऊन आल्या. माझ्यावर तळहात ठेवला, तार काढायला वाकल्या, आणि मी थरथरलो.

चाळीस वर्षं शिलाई यंत्रावर ठेवलेला तो हात. यंत्र आतून चालू आहे की बंद, हे त्याला सांगावं लागत नाही. ताईंनी मला उलटं केलं आणि चाक पाहिलं.

"हे कोणी फिरवलं?"

"मीच, आई. बाळ झोपत नव्हतं म्हणून."

त्या रागावल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि नंबर फिरवला.

"दादा, किती गुरुवार रिंग देत होतास?"

"सगळे. म्हटलं, शिक्षा फारच लांबली."

"अरे, मला ऐकूच येत नव्हतं रे..." आतून मालिकेचं संगीत येत राहिलं.

"शेवटचा भाग चाललाय ठमे, जा बघ."

"चालू दे. इथून थोडं दिसतंय. ती विधवा धावतेय."

"आणि बाही?"

"फाटली एकदाची!"

तो शेवट दोघांनीही धड पाहिला नाही. त्या विधवेचं पुढे काय झालं, हे मला आजही ठाऊक नाही.

पुढे दादा लेकीकडे राहायला गेले आणि त्यांचा जुना नंबर बंद झाला. आता दोघं मोबाइलवर आठ-आठ भाग एका बैठकीत बघतात आणि मतंही मोबाइलवरूनच जातात. माझी तार काढलेली आहे. फळीवर माझ्या शेजारी किल्ल्या असतात आणि एक बंद पडलेली विजेरी. पण ताई बोलायला अजूनही इथेच, माझ्याजवळच्या स्टुलावर येऊन बसतात. मला त्यांची अर्धी बाजू ऐकू येते. दादा काय म्हणाले, ते मी त्यांच्या हसण्यावरून ताडतो. कधी कधी नाही जमत.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी पडून असेल, तर अधूनमधून त्याच्यावर फडकं फिरवा. आणि कोणाची रिंग आली नाही म्हणून रुसून बसला असाल, तर आधी आपल्याकडचं चाक बघा आणि मग स्वतःच नंबर फिरवा.

माझं चाक ताईंनी त्या संध्याकाळी पूर्ण वर फिरवलं होतं. ते अजून तसंच आहे.