हेडर बसला, पत्रा उतरला

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. एवढे ऐकूनच तुमच्यातले निम्मे जण तोंड फिरवतील, याची मला सवय आहे. पण मी घरावर घालतात तो पत्रा नाही, आणि तेलाच्या डब्याचाही नाही. मी एका छोट्या मोटारीच्या बॉनेटखाली, इंजिनाच्या पुढच्या अंगाला बसणारा पत्रा आहे. इंजिनात पेट्रोल जळते, त्याचा धूर एका बिडाच्या नळातून बाहेर पडतो आणि तो नळ चुलीवरच्या तव्यापेक्षा जास्त तापतो. त्या नळावर पांघरूण घालून बसायचे, त्याची धग कुणाला लागू द्यायची नाही, हे माझे काम. वरून मी नळ झाकतो आणि त्याच्यासोबत खाली वाकून गाडीच्या पोटापर्यंत जातो. कारखान्यात मला लांबलचक इंग्रजी नाव होते. गोंदियात आल्यापासून मात्र सगळे मला 'तो पत्रा' एवढेच म्हणतात.

माझा जन्म एका मोठ्या दाबयंत्राखाली झाला. सपाट पडलो होतो, वरून एक ठोका बसला आणि मला कमरेचे बाक, पोटाचे खळगे आणि बोल्टांची भोके, सगळे एकदमच मिळाले. लहानपण असे काही मला नव्हतेच. लगेच मला इंजिनाला कसले आणि मी कामाला लागलो.

आमचे मालक उमेंद्र. कुडव्याला त्यांचे पंपाच्या सामानाचे दुकान आहे. त्यांच्या घराण्यातली ही पहिली चारचाकी, म्हणून तिचे लाड फार. दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार, बॉनेटवर हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू. माझ्यापर्यंत कधी कुंकवाचे बोटही आले नाही. मी ते मनावर घेतले नाही, असे म्हणणार होतो, पण खरे सांगायचे तर घेतले. माझ्यापासून वीतभर अंतरावर प्लॅस्टिकच्या नळ्या होत्या, वायरी होत्या. इतक्या वर्षांत त्यातली एकही वितळली नाही. पण जे झालेच नाही त्याचे कौतुक कोण करणार?

पुढे माझा एक बोल्ट गंजून पडला आणि गाडी उभ्याने सुरू असली की मी खडखडू लागलो. एक बोल्ट घातला असता तर काम भागले असते. उमेंद्र मात्र वैतागून म्हणायचे, "काय टिनटप्पर वाजून राहिलं बे आत!" तेव्हापासून मी त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलो.

त्याच सुमारास त्यांच्या डोक्यात हेडरचे खूळ शिरले. रोज दुकान बंद करताना ते मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघायचे. हेडर म्हणजे जुन्या बिडाच्या नळाच्या जागी बसवायचा, चकचकीत स्टीलच्या चार वाकड्या नळ्यांचा जुडगा. त्याने धूर लवकर बाहेर पडतो, गाडी चपळ होते आणि आवाज असा येतो की गल्लीच्या टोकाला कळावे. उमेंद्रना यातले शेवटचे जास्त हवे होते. अर्जुनी मोरगावच्या बाजूला त्यांचे गाव आहे. तिथे थोरले भाऊ कैलाश शेती करतात आणि आई सुशिलाबाई त्यांच्याजवळ राहतात. दिवाळीनंतर गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी-जावई, पाहुणे गोळा होतात, दंडारीचा लोकनाच रंगतो, पाळणे लागतात. त्या मंडईत आपण आलो हे आपण न सांगता सगळ्यांना समजावे, एवढी त्यांची हौस होती.

हेडर खोक्यातून आला आणि गाडी लीलाधर मिस्त्रीच्या गॅरेजात गेली. लीलाधरने आधी बॅटरीची वायर सोडली. मग गंजलेल्या नटांवर तेल मारून ते मुरेपर्यंत चहा घेतला. सगळ्यात आधी मी सुटलो, कारण मी सगळ्यांच्या वर बसलेलो. नंतर धुराचा वास घेणारा सेन्सर जपून बाहेर निघाला, मग बिडाचा नळ. इतकी वर्षे ज्याला मी पांघरूण घातले, त्याला मी पहिल्यांदा उघडा पाहिला. काळाठिक्कर पडला होता बिचारा. इंजिनाचे तोंड घासून साफ झाले, सांध्यातून धूर न सुटू देणारी नवी गॅस्केट बसली आणि हेडर चढला. लीलाधरने नट मधल्यापासून कडेकडे थोडे थोडे कसत नेले, एकदम कुठलाच आवळला नाही. त्याचे काम चोख होते, याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग त्याने मला उचलले, हेडरवर इकडून तिकडून धरून पाहिले आणि मान हलवली.

"भैया, हा पत्रा आता नाही बसत. या नळ्यांले भोकंच नाहीत ना याच्यासाठी. दोन दिवस द्या, पट्ट्या वेल्ड करून बसवून देतो."

"मंडई उद्या हाये," उमेंद्र म्हणाले. "मंडई झाल्यावर पाहू. एका पत्र्यानं काय अडून राहिलं?"

"पाहा बाप्पा. पण गवतात-गिवतात गाडी नोका लावजा. नळ्या खालपर्यंत उघड्या आहेत."

"हो, हो," म्हणत उमेंद्रनी मला डिक्कीत टाकले आणि गाडी सुरू केली. आवाज असा काही निघाला की शेजारच्या पानठेल्यावरचे लोक वळून पाहू लागले. उमेंद्रच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता. मला वाईट वाटले, रागही आला, पण त्यांचा आनंद खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावाला निघालो. डिक्कीत असल्यामुळे मला दिसले कमी आणि ऐकू आले जास्त. गावात शिरताच पोरे गाडीमागे धावू लागली. रस्त्यावर मंडईची गर्दी, म्हणून उमेंद्रनी गाडी सरळ घराशेजारच्या खळ्याकडे घेतली. धानकापणी उरकली होती. कापलेल्या धानाच्या पेंढ्यांची पुंजणी, म्हणजे मोठाल्या गंज्या, खळ्याच्या कडेला रचून ठेवली होती. त्यात एक लहानसे पुंजणे वेगळे होते. ते सुशिलाबाईंच्या चिन्नोराचे. घरोघरी जास्त पिकणारे नवे वाण आले तरी या बाईंनी वासाचा चिन्नोर धान सोडला नव्हता. त्याचे बियाणे त्या स्वतः निवडून ठेवत.

चुरणीसाठी, म्हणजे मळणीसाठी, खळे शेणाने नुकतेच सारवले होते. सारवलेल्या खळ्यावर चप्पल घालून कुणी पाय ठेवत नाही, मग मोटारीची चाके कशी उमटू द्यायची? पण लेकाची गाडी रस्त्यावर उभी ठेवायलाही आईचे मन होईना. पोरे तिच्यावर रेघा ओढतील ही त्यांना धास्ती.

"थांब गा उमेंद्र," त्या म्हणाल्या. "अशी नको आणू. खाली तणीस टाकू दे."

तणीस म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा. माउलीने कवेत भरून आणली आणि गाडीसाठी गादीसारखी जाडजूड पसरली. तिच्यावर चढून गाडी उभी राहिली. मला डिक्कीत घाम फुटला म्हटले तर तुम्ही हसाल, पत्र्याला कुठला घाम! पण खाली काय आहे ते मला माहीत होते आणि वरून काय लोंबते आहे तेही माहीत होते. उमेंद्रना लीलाधरचे बोलणे आठवले की नाही, देव जाणे. मामा-काकांची पोरे भोवती जमली होती. "आवाज काढा ना भाऊ!" म्हणून ती मागे लागली आणि उमेंद्रनी उभ्या गाडीला रेस दिली. एकदा दिली, पुन्हा दिली. मग गाडीला कुलूप लावून सगळे दंडार बघायला गेले.

आधी वास आला, नंतर तडतड. ओरडायला मला तोंड नाही. इंजिनावर असतो तर ओरडावे लागलेच नसते. सुशिलाबाईच सगळ्यांत आधी परसातून धावत आल्या आणि त्यांनी हाका मारल्या. कैलाश आले, शेजारचे चैतराम आले. चावी उमेंद्रच्या खिशात. कैलाशनी दगडाने काच फोडली, हात घालून ब्रेक सोडला आणि सगळ्यांनी मिळून गाडी मागे रेटली. जवळच्या बोडीतून, म्हणजे छोट्या तळ्यातून, पाण्याच्या बादल्या सुरू झाल्या. मोठी पुंजणी वाचली. गाडीचा पुढचा बंपर वितळला, वायरी गेल्या. आणि चिन्नोराच्या पुंजण्याला वाऱ्याने आग लागली ती विझवायला कुणाचे हात पोचले नाहीत.

उमेंद्र धावत आले तोवर राख झाली होती. आणि त्या राखेशी उभे राहून कैलाश आईला बोलत होते.

"तुले कोनं सांगतलं होतं गाडीखाली तणीस टाकाले? एवढी म्हातारी झालीस, अक्कल नाही का? सगळंच गेलं असतं आज!"

"माझंच चुकलं बापा," सुशिलाबाई म्हणाल्या. "मीच टाकली."

बघता बघता सगळ्यांनी खापर त्यांच्या डोक्यावर फोडले. म्हातारपणी असेच होते, बायांना गाडीतले काय समजते, असे पाहुणे बोलत राहिले. उमेंद्रनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. मित्रांनो, तेव्हा मला त्यांचा जितका राग आला तितका डिक्कीत फेकले तेव्हाही आला नव्हता.

दिवस मावळताना उमेंद्र एकटे गाडीशी आले. काय काय जळले ते पाहायला त्यांना टॉर्च हवा होता. डिक्की उघडून चाचपताना त्यांचा हात माझ्यावर पडला. तो हात तिथेच थांबला. मग त्यांनी मला बाहेर काढले आणि तसेच घेऊन ते घरात गेले.

ओसरीवर पाहुणे जेवत होते. सुशिलाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. दुपारचे त्यांचे ताट समोर झाकलेले तसेच पडले होते. उमेंद्रनी मला त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवले.

"माय, तुझं नाही चुकलं," ते म्हणाले. "हा पत्रा नळीवर असते. गरमी खाली जाऊ देत नाही. मिस्त्री दोन दिवस मागत होता, मीच नाही म्हटलो. गवतात लावू नको म्हणून बी त्यानं सांगतलं होतं. तू तणीस टाकून राहिली होतीस तेव्हा मी पाहूनच राहिलो होतो."

सुशिलाबाईंनी मला उचलले, उलटेसुलटे पाहिले.

"एवढा कामाचा होता तं काढलास कायले?"

"आवाज पाहिजे होता, माय. मंडईत लोकांनी पाहावं म्हणून."

कैलाशनी हातातला घास ताटात ठेवला. ते उठले, आईसमोर येऊन बसले आणि त्यांनी झाकलेले ताट उघडले. ते म्हणाले, "जेव माय. मी भलतंच बोललो."

"चिन्नोर गेला रे कैलाश," सुशिलाबाई म्हणाल्या आणि दिवसभरात पहिल्यांदा रडल्या. दोघे भाऊ खाली मान घालून त्यांच्या दोन्ही बाजूंना बसून राहिले.

पुढे लीलाधरने पट्ट्या वेल्ड करून मला हेडरवर बसवले. बोल्ट सगळेच नवे घातले. हेडर वाईट नाही, आमचे आता बरे जमते. गाडीला हौसेने काही नवे बसवू नका, असे मी कधीच म्हणणार नाही. पण मित्रांनो, नवे बसवताना जुने जे काही उतरवाल, ते इतके दिवस काय करत होते हे आधी विचारा. आणि त्याच्यावाचून काही बिघडलेच, तर बोलायला संध्याकाळ होऊ देऊ नका. तुमच्या गप्प बसण्याने कुणीतरी म्हातारे माणूस उपाशी बसलेले असते.