स्कायलॅब आणि विहिरीची किल्ली

१९७३ साली अमेरिकेने आकाशात एक घर पाठवलं, स्कायलॅब नावाचं. त्यात माणसं राहायला गेली आणि त्यांच्याबरोबर दोन कोळीही गेले, दोन्ही माद्या. एकीचं नाव अरबेला, दुसरीचं अनिता. अंगाला वजनच उरलं नाही तर कोळ्याला जाळं विणता येतं का, असा प्रश्न एका शाळकरी मुलीला पडला होता. अरबेलाचं पहिलं जाळं वेडंवाकडं झालं. मग तिला जमलं.

पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत. बांधावर काढायच्या, मग आत पाऊल टाकायचं. पानवेल देवाच्या जातीची. तिच्यासमोर खोटं बोललं तर ती मुळातून कुजते, असं शालूच्या सासरी धरतात.

आकाशातल्या त्या घराचं उन्हाचं आवरण वर जातानाच फाटलं. आत भट्टी झाली. शेवटी अमेरिकेच्या अंतराळवीरांनी काय केलं, तर वर जाऊन छत्री उघडली. खरंच, कापडाची छत्री.

शालूच्या नवऱ्याला, देवूला, कावीळ झाली आणि तो गेला. सुतक फिटलं, आणि विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीला कुलूप लागलं.

सूर्यावर डाग वाढले की पृथ्वीभोवतालची हवा तापून फुगते. फुगली की वर फिरणाऱ्या वस्तूला अडवते. अडली की ती वस्तू खाली घसरते. १९७९च्या सुमाराला डाग फार झाले.

त्याच वर्षी चैत्रात शालूच्या वेली उभ्या वाळल्या.

ही शालू पालघरजवळच्या माहीमची. मुंबईतलं ते माहीम वेगळं. इथल्या माहीमला नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पानमळे. तिच्या सासरचा मळा एकच, मधून बांध. अलीकडच्या ओळी देवूच्या. पलीकडच्या थोरल्या दिराच्या, नरहरीच्या. विहीर मळ्याच्या पोटात, तिच्या काठाला मोटरीची खोली. विहीर देवूने खणलेली. सुरुंग लावायला आणि गाळ उपसायला तो स्वतः उतरायचा आणि संध्याकाळी बायकोला ओळखू येणार नाही असा होऊन वर यायचा. नरहरीला तेव्हा त्या विहिरीचं काही पडलेलं नव्हतं. भाऊ गेल्यावर मात्र त्याला एकदम आठवलं की विहीर घराण्याची आहे आणि घराण्यात थोरला तो आहे. किल्ली त्याच्या करगोट्याला गेली. आधी त्याच्या ओळींना पाणी, मग वीज गेली नसेल तर शालूच्या. वीज जायचीच. तीन उन्हाळे शालूने तळ्यावरून हंडे वाहिले. तिसऱ्या उन्हाळ्यात निम्मा मळा गेला. आणखी एक असा उन्हाळा, की तिच्याकडे वेली चढवायला लावलेले पांगाऱ्याचे खुंट तेवढे उरणार होते.

तर जुलै महिन्यात अमेरिकेचं घर खाली यायला निघालं.

कुठे पडेल ते अमेरिकेलाही सांगता येईना. पण बोईसरला सगळ्यांना माहीत होतं. नरहरीचा मुलगा प्रताप तिथल्या एका कारखान्यात कामाला होता, सरावलीला खोली घेऊन राहायचा. तो शनिवारी घरी आला तो बातमी घेऊनच. तारापूरच्या अणुभट्टीवर नेमकं येतंय म्हणाला. त्याच्या खोलीतला बिहारचा कामगार ट्रंक आवरून गावी निघाला होता आणि जाताना याला सांगून गेला होता, "भाग जा भाई, इधर कुछ नहीं बचेगा।" भट्टी फुटली तर डहाणूपासून वसईपर्यंत रडायलाही कोणी राहणार नाही, असा प्रतापचा हिशेब. मग जो तो आवराआवर करू लागला.

वाणगावला एकाने दोन बोकड कापून वैऱ्यांनासुद्धा पानावर बसवलं.

दातिवऱ्याला दोन घरांनी एकमेकांचे पळवलेले नांगर रात्रीतून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवले.

माहीमचे खंडेराव, गावात ज्यांचा शब्द चालायचा ते, वीस वर्षांपूर्वी शेजारणीकडून लग्नाला आणलेलं पितळेचं घंगाळ स्वतः डोक्यावर घेऊन तिला परत देऊन आले.

जिवल्या आणि त्याची बायको ठमी डोंगरातल्या पाड्यावरून मळ्यात कामाला यायची. त्यांनी राखलेला कोंबडा खाल्ला.

आणि सोमवारी नरहरी मळ्यात आला. पाऊस उघडला होता. शालू आणि ठमी वेली बांधत होत्या. त्याने बांधावर चप्पल काढली, चिखलातून अनवाणी विहिरीपर्यंत आला, करगोट्याची किल्ली सोडली.

"शालू, विहीर देवूची," तो म्हणाला. "मी कुलूप लावलं ते लबाडीनं लावलं. वर जाऊन त्याला तोंड दाखवायचं हाय. ही घे."

हेच त्याला घराच्या ओटीवर सांगता आलं असतं. पण मळ्यात बोललेलं पक्कं धरतात. देवूपर्यंत ते पक्कंच पोचावं, म्हणून तो इथे आला होता.

शालूने किल्ली घेतली. ठमीने नंतर पाड्यावर सांगितलं की बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, पण ते रागाचं होतं. तीन वर्षं या माणसाच्या तोंडून जे निघालं नाही ते काढायला अमेरिकेला आकाशात घर बांधावं लागलं. तिच्या वाळलेल्या वेली, हंड्यांनी मोडून आलेली तिची मान, हे त्याने रोज बांधावरून पाहिलं होतं. तेव्हा त्याला देवूचं तोंड आठवलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी रेडिओने सांगितलं की स्कायलॅब ऑस्ट्रेलियाकडे समुद्रात आणि माळरानात पडलं. माणूस एकही दगावलं नाही. तारापूरची भट्टी होती तशी उभी होती.

शुक्रवारी नरहरीची बायको पुष्पलता शालूच्या मागच्या दारी आली. आधी भाजीची चौकशी केली, पावसाची केली.

"ह्यांना भीतीनं काय सुचलं नाय गं," ती म्हणाली. "किल्ली दे. कुठं हरवली-बिरवली म्हणजे?"

"तीन वर्षं हरवलीच होती, ताई," शालू म्हणाली. "आता सापडलीय."

मग प्रकरण खंडेरावांच्या ओटीवर गेलं. शालूला वाटलं होतं की नरहरी नाकबूल जाईल, म्हणून तिने ठमीला बरोबर घेतलं. पण नरहरी काही नाकबूल झाला नाही. हो, दिली म्हणाला. मरणाच्या भीतीने दिली. आता मरण टळलं, तर दिलेलं परत यायला नको का? जमलेल्यांनी माना डोलावल्या, आणि शालूच्या ध्यानात आलं की इथे तिच्या बाजूचा एकही माणूस नाही. कारण सगळ्यांनीच काही ना काही देऊन ठेवलं होतं.

दातिवऱ्याला नांगर पुन्हा पळवले गेले होते. वाणगावचा बोकडवाला पानावर बसवलेल्या वैऱ्यांना शिव्या घालत फिरत होता. आणि खंडेरावांच्या पडवीत पितळेचं घंगाळ परत येऊन बसलं होतं. शेजारीण विधवा होती, दारात आलेल्या मोठ्या माणसाला नाही म्हणायची तिची छाती झाली नाही.

"घाबरलेलं माणूस काय पण बोलतं, पोरी," खंडेराव म्हणाले. "ते धरायचं नसतं. गाव सगळं हसतंय त्याच्यावर. तू पण हस आणि देऊन टाक."

"आमी कोंबडा खाल्ला," ठमी मागून म्हणाली. "तो कोनाकडं मागू?"

लोक हसले. शालू हसली नाही.

"तुमी मेला असतात, तर हे खरं ठरलं असतं," ती नरहरीला म्हणाली. "जगलात, म्हणून खोटं? मग तुमी जगल्याचं मला काय कौतुक, भावोजी?"

ओटीवर कुजबुज झाली. विधवेने दिराच्या जगण्यावर बोलावं, हे जास्तच होतं. खंडेराव तिला दटावायला लागले, पण ती त्यांच्याकडे वळलीच नाही.

"दिलेलं माणूस मागून घेतं. मागा तुमी. पण किल्ली तुमी मला दिली नाय. परत केलीत. परत केलेलं कुठल्या तोंडानं मागता?"

कोणीतरी खोकलं. खंडेराव पडवीकडे पाठ होईल असे सरकून बसले. पण निकाल काही त्यांनी दिला नाही. घरातलं घरात मिटवा म्हणाले आणि चहा मागवला.

नरहरी उठला. जाता जाता सहज बोलल्यासारखं म्हणाला, ठेव ती किल्ली, डब्यात ठेव, मी कुलूपच बदलतो.

रात्रभर शालूला हेच आठवत राहिलं, की यावर ओटीवरचा एकही माणूस काही बोलला नाही. कुलूप बदललं की संपलं. दुसऱ्या दिवशी ती मळ्यात गेली ती उजाडायलाच, ठमीला घेऊन. विहिरीजवळच्या ओळीत दोघी वेली बांधत राहिल्या. नरहरी येणार तर बांधावरूनच येणार होता. मोटरीच्या खोलीला दुसरी वाट नव्हती.

तो आला. हातात नवंकोरं कुलूप, मागे प्रताप. बांधावर आल्यावर सवयीने त्याने एक चप्पल काढली.

"या भावोजी," शालू आतून म्हणाली. "लावा कुलूप. मी आडवी येत नाय. फक्त त्या दिवशी उभे होतात तिथं उभे राहा, आणि विहीर कोनाची ते सांगा. माझी नाय म्हणालात, तर ही किल्ली मी विहिरीत टाकते."

नरहरीचा अनवाणी पाय बांधाच्या गवतावर होता. पुढे चिखल, मग वेली. त्याने वेलींकडे पाहिलं. त्याच्या स्वतःच्या ओळी पलीकडे हिरव्यागार डोलत होत्या, मुळं सगळ्यांची एकाच मातीत.

प्रताप वैतागला. कारखान्याचे बूट त्याने काढलेसुद्धा नव्हते. "द्या बाबा, मी लावतो," तो कुलूप हिसकून घेत म्हणाला. "मला काय, वेल कुजते नि बिजते."

नरहरीने कुलूप त्याच्या हातून ओढून घेतलं. "बूट घालून मळ्यात जातोस?" तो मुलावर ओरडला. एवढंच ओरडला. मग वाकून काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली आणि आल्या वाटेने निघून गेला.

"गेला," ठमी म्हणाली.

"जाऊ दे. सुतळी दे," शालू म्हणाली. तिने पुढची वेल बांधायला घेतली.

त्यानंतर नरहरी मळ्यात आलाच नाही. बांधावर चप्पल घालून उभा राहायचा आणि तिथूनच गड्यांना हाका मारायचा. लोक म्हणाले, शालूने थोरल्या दिराला मळा तोडला. दिराने तिचं पाणी तोडलं होतं तेव्हा हे लोक काही म्हणाले नव्हते. पाऊस सरला, दिवाळी झाली, तिने किल्ली लावून मोटर चालू केली. पाट एकच होता. नरहरीने बुजवलेली आपल्या ओळींची तोंडं तिने उघडली, त्यामुळे पाणी आधी तिच्या ओळींत आणि मग बांधाखालून त्याच्या ओळींत जायचं. ते अडवायला एक पाटी माती पुरली असती. तिने ती टाकली नाही. पण पाणी पलीकडे जाताना रोज त्याच्या नावाने बोटं मोडली, मोठ्याने, बांधावर ऐकू जाईल अशी, आणि कोणी सोडून दे म्हणालं तर त्याच्याही नावाने.

ज्यांच्या माळावर तुकडे पडले त्या ऑस्ट्रेलियातल्या एस्पेरन्स गावच्या लोकांनी त्याच जुलै महिन्यात अमेरिकेच्या अंतराळ संस्थेला उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल दंड केला होता.