खंडेनवमीची त्सुबा

ऋषीच्या छंदाला मी पहिल्यापासून नावं ठेवली. एकतीस वर्षांचा मुलगा, शिकागोत चांगली नोकरी, आणि रविवारी नेपरव्हिलला आमच्याकडे ट्रेनमधून उतरून आला की खिशातून काढायचा काय, तर लोखंडाची जुनी गोल चकती. जपानी तलवारीची मूठ आणि पातं यांच्यामध्ये ती बसवतात, हात पात्यावर घसरू नये म्हणून. तिला त्सुबा म्हणतात. मी वॉशर म्हणायचे.

"आणलास का नवा वॉशर?" असं दारातच विचारायचे. तो हसायचा. जेवणाआधी टेबलावर मऊ कापड अंथरायचा आणि त्सुबा कडेनं धरून दिव्याखाली हळूहळू फिरवून मला दाखवायचा. माझं निम्मं लक्ष कुकरच्या शिट्यांकडे. तरी दर रविवारी दाखवायचा. त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी त्यानं एक काळी त्सुबा आणली. तिच्यावर सोन्याची दोन इवली बदकं उडत होती.

"आपल्या लॉनवर घाण करतात तीच का रे ही?"

"तीच." तो हसला. "रात्रीची उडतायत, आई. हे आयर्न नाहीये. कॉपरमध्ये थोडं गोल्ड मिक्स करून, मग स्पेशल पाण्यात बॉइल करून हा ब्लॅक आणतात. तीनशे वर्षं टिकलाय. दॅट ब्लॅक इज द होल पॉइंट."

मी श्रीखंडासाठी वेलची सोलत होते. 'हं' म्हटलं.

निघताना तो दारात घुटमळला. "तू ती वेपन्सची पूजा करतेस ना? यंदा ही ठेवशील? तलवारीचीच आहे."

लहानपणी पूजा म्हटली की वरच्या खोलीत जाऊन दार लावून घेणारा माझा मुलगा. मला भरून आलं. आमच्या घरची शस्त्रं म्हणजे विळी, सुऱ्या, माझ्या नवऱ्याचा, मोरेश्वरचा, लॅपटॉप आणि दोन गाड्यांच्या किल्ल्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यात खऱ्या तलवारीचं काही असणार होतं, आणि ते त्यानं आपणहून दिलं होतं.

पूजेत मळकी वस्तू ठेवायची नाही, हे माझ्या हातांना कुणी सांगावं लागत नाही. समई घासली, ताम्हन घासलं, आणि त्याच चिंचेच्या कोळात मीठ घालून त्सुबाही घासली. पाणी काळं झालं. तीनशे वर्षांत कुणाला एवढंही सुचलं नाही, म्हणून मी मनातल्या मनात जपान्यांनाही नावं ठेवली. आतून लालसर तांबं लख्ख निघालं. मी तिला हळदकुंकू लावलं, वर झेंडू ठेवला आणि ऋषीची वाट बघत बसले. इतक्या उत्साहानं मी त्याच्या कुठल्याही वस्तूला कधी हात लावला नव्हता.

तो ऑफिसमधून लवकर निघून आला. पाटासमोर उभा राहिला. त्सुबा कडेनं उचलून त्यानं समईजवळ नेली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"ही काय बदकं, आहेत की," मी म्हटलं आणि बोट दाखवायला गेले. मलाच सापडेनात. चकाकत्या तांब्यावर सोनं कुठं हरवलं ते कळेना. आणि मग वेलची सोलताना त्यानं सांगितलेलं सगळं मला आठवलं, अगदी शब्दन् शब्द. म्हणजे मी ऐकलं होतं. फक्त मनावर घेतलं नव्हतं.

"इट्स ओके, आई. छान शाईन आलीय," तो म्हणाला, आणि त्यानं हात जोडले. ओरडला असता तर मी काहीतरी उलट बोलले असते. तेवढंही त्यानं करू दिलं नाही.

"परत काळी करता येईल ना रे?"

"येईल. पण ती तीनशे वर्षांची नाही येणार." मग म्हणाला, "राहू दे तुझ्या देवघरात."

अजूनही तो रविवारी येतो. बर्फ किती पडला, ट्रेन किती लेट झाली, माझा गुडघा कसा आहे, सगळं बोलतो. टेबलावर कापड मात्र अंथरत नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "नवीन काही?" तर म्हणाला, "नथिंग न्यू."

मागच्या रविवारी मी त्याचा कोट खुंटीला अडकवत होते. खिसा जड लागला. वरूनच हात फिरवला. गोल, आणि मधे पात्यासाठी चीर. मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन गॅस बंद केला, टेबल कोरडं पुसलं, ते मऊ कापड काढून अंथरलं, दिवा जवळ ओढला आणि हात मांडीवर ठेवून बसले.

तो हात धुऊन आला. कापडाकडे बघत क्षणभर थांबला. मग त्यानं ते उचललं, नीट चार घड्या घातल्या, बाजूला ठेवलं आणि ताटं मांडली.

"भूक लागलीय, आई."

मी वाढलं. तो आमटी दोनदा मागून घेऊन जेवला.

जाताना त्यानं कोट घातला आणि पायरी उतरायच्या आधी खिसा चाचपून पाहिला. त्सुबा जागेवर होती.