इवाना आजोबांचा जुना कॉम्प्युटर

तोमोएने ‘आम्हा म्हाताऱ्यांना’ असं लिहिलं, ते पुसलं आणि ‘माझ्यासारख्या म्हाताऱ्याला’ असं केलं. ती एका बोटाने टाइप करायची, त्यामुळे चार ओळींना दुपार जायची. बटण दाबायच्या आधी तिने छताकडे पाहिलं. वर तिच्या मुलाची, केइगोची खोली होती. तिने बटण दाबलं आणि थोड्याच वेळात वर खुर्चीची चाकं करकरली. मजकूर पोचला होता.

‘माझ्यासारख्या म्हाताऱ्याला तुमच्या कुरोसेशिवाय दुसरीकडे उतरताच येत नाही. तेवढं बंद करू नका.’

खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर एवढं पोचवण्यासाठी तिला एक अख्खा माणूस जन्माला घालावा लागला होता. सत्तरी ओलांडलेला, विधुर, मुराकामी गावात नदीकाठी राहणारा, इवाना मासे धरण्याचा नाद असलेला. इंटरनेटवरच्या फोरमवर सगळे त्याला ‘इवाना आजोबा’ म्हणत.

केइगो पहिली नोकरी सोडून तोक्योहून परत आला आणि त्याने खोलीचं दार लावून घेतलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. नवरा सेंदाईला बदलीवर. तो नववर्षाला यायचा, बंद दाराकडे पाहून सुस्कारा सोडायचा आणि परत जायचा. तोमोएने ओरडून पाहिलं, रडून पाहिलं, नगरपालिकेच्या समुपदेशक बाईंना जिन्यात उभं करून पाहिलं. शेवटी उरलं ते एवढंच: जेवणाचं ताट दारापाशी ठेवायचं, ‘ठेवलंय’ म्हणायचं आणि रिकामं झालं की उचलायचं.

मग एकदा गावच्या वर्तमानपत्रात लहानशी बातमी आली. कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये सगळं जग असतं, पण कुरोसे बेटावरचा बंद पडलेला विमानतळ नव्हता. तो कुणीतरी घरी बसून बनवला आणि फुकट वाटला. असा वरून जोडायचा भाग म्हणजे ‘ॲड-ऑन’, असं बातमीत लिहिलं होतं. बनवणाऱ्याचं नाव नव्हतं. पण चित्रात प्रवाशांच्या बाकावर एक लहान मुलाची पिवळी छत्री होती. सहा वर्षांचा केइगो ती छत्री त्याच बाकावर विसरला होता आणि परतीच्या विमानात घरी पोचेपर्यंत रडला होता. तोमोए ते चित्र हातात घेऊन स्वयंपाकघरात खाली बसली.

त्यानंतर ती नवऱ्याच्या टाकून दिलेल्या लॅपटॉपवर विमान उडवायला शिकली. साठीला आलेली, सुपरमार्केटमध्ये बटाट्याचे कोरोक्के तळणारी बाई! पहिले कित्येक दिवस तिने फक्त समुद्रात विमानं बुडवली. पण उडवल्याशिवाय शंका कशा विचारणार? आणि कुरोसेच्या फोरमवर शंका विचारल्या की वरून उत्तरं यायची, चांगली लांबलचक. ‘आजोबा, वाऱ्याला घाबरू नका. नाक वाऱ्याकडे ठेवा, घाई करू नका. मीही पहिल्यांदा खूप आपटलो.’ नऊ वर्षांत जो मुलगा आईशी एक शब्द बोलला नव्हता, तो परक्या म्हाताऱ्याची थंडीत गुडघेदुखी कशी आहे हेसुद्धा विचारायचा. तोमोएला त्याचा आनंद व्हायचा आणि त्याच वेळी त्या म्हाताऱ्याचा हेवाही वाटायचा.

या हिवाळ्यात सिम्युलेटरची नवीन आवृत्ती आली आणि सगळं बिघडलं. जुनी ॲड-ऑन बहुतेक चालतील, असं कंपनीने आधी सांगितलं होतं. त्या ‘बहुतेक’मध्ये कुरोसे बसलं नाही. नव्या आवृत्तीत बेटाची जमीन नव्याने मोजलेली, थोडी उंच झालेली. केइगोची धावपट्टी मात्र जुन्याच उंचीवर राहिली. म्हणजे विमानतळ खड्ड्यात गेला. वर त्या खड्ड्याच्या काठाने यंत्राने आपल्या मनाने झाडं उगवली, एक तर थेट धावपट्टीच्या मधोमध.

फुकट घेणाऱ्यांची तोंडं फार मोठी असतात. फोरमवर रोज कुणी ना कुणी येऊन लिहायचं.

‘धावपट्टी आहे की विहीर? दोर सोडा, वर येतो.’

‘मालक जागे आहेत का? बाकीच्यांची ॲड-ऑन पहिल्याच दिवशी दुरुस्त झाली.’

‘नवीन घेतलं ते काय हा खड्डा बघायला?’

आठवडाभर केइगोने उत्तर दिलं नाही. ताटं अर्धवट परत येऊ लागली. मग त्याने एकच ओळ लिहिली: आता पुरे झालं, महिनाअखेरीला हे पान बंद करतोय. ते पान बंद झालं की तोमोएचं मुलाशी बोलणंच संपणार होतं. म्हणून तर आज दुपारभर खपून तिने आजोबांकडून ती विनवणी करवली होती.

उत्तर आलं तेव्हा ती मुळा कापत होती.

‘आजोबा, तुम्ही नवीन आवृत्ती घेतली का?’

हो म्हणावं तर पुढचा प्रश्न अंगाशी यायचा. तिने खरं तेच लिहिलं. ‘माझा कॉम्प्युटर जुना आहे. नवीन त्याच्यावर चालत नाही. मला काही ते बघायला मिळायचं नाही. पण कुरोसे वर आलं एवढं कळलं, तरी मला बरं वाटेल.’

 वर कळफलकाचा आवाज सुरू झाला आणि पुढचे कितीतरी दिवस तो थांबला नाही. बाहेर बर्फ पडण्याआधीचा ढगांचा गडगडाट होत होता, समुद्रावरून ओले वारे येत होते, आणि तोमोए खाली उभी राहून तो टकटक आवाज ऐकायची. ताटं पुन्हा चाटूनपुसून परत येऊ लागली, मुळ्यासकट. ‘जमीन हाताने वर उचलतोय,’ त्याने आजोबांना लिहिलं, ‘कोपरा उचलला की दुसरा कोपरा बुडतो.’ एकदा लिहिलं, ‘झाड गेलं.’ त्या दिवशी तोमोएने कामावरून येताना थंडीतला महाग बुरी मासा आणला.

आणि मग तो मजकूर आला.

‘आजोबा, झालं. खूप छान झालंय. पण तुमच्या कॉम्प्युटरवर ते चालणार नाही, म्हणून मीच लॅपटॉपवर घेऊन येतो. तुम्ही एकट्यानेच तर वाट पाहिलीत. रविवारी दुपारी आमच्या इथल्या विमानतळाच्या गच्चीवर भेटूया? मी बऱ्याच दिवसांत बाहेर पडलेलो नाही. पण तुम्ही मुराकामीहून गुडघे सांभाळत येणार असाल, तर एवढं मला जमायला हवं.’

पातेल्यातलं पाणी आटून मुळा करपल्याचा वास आला, तरी ती उठली नाही.

नाही म्हटलं तर तो पुन्हा कधी कुणाला बोलावणार नव्हता. तोमोएने दोन अक्षरं टाइप केली: येतो.

दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटच्या मागच्या बाजूला तिने काजितानी-सानना गाठलं. ते पूर्वी बोटीवर होते, निवृत्तीनंतर इथे मासे साफ करायचे. सत्तरीचे, नदीवर गळ टाकणारे. देवाने इवाना आजोबा घडवायचा म्हटला असता, तर असाच घडवला असता. तिने सगळं सांगितलं. ते रबरी हातमोजे काढत ऐकत राहिले.

“म्हणजे मी जाऊन बसायचं आणि आजोबा व्हायचं?”

“एकच दुपार. फार बोलावं लागणार नाही. तो दाखवेल, तुम्ही ‘वा’ म्हणायचं.”

“आणि पुढच्या रविवारी त्याने परत बोलावलं तर?”

तोमोएने एप्रनला हात पुसले.

“सुगावारा-सान,” ते तिला आडनावाने हाक मारत म्हणाले, “खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात, ते ठीक आहे. पण आतापर्यंत तुम्ही एकट्या खोटं बोललात, पोटच्या पोरासाठी. माझ्याकडून ते नाटक होईल. पोरगा नऊ वर्षांनी बाहेर येणार आणि समोर नाटकातला माणूस?” त्यांनी मान हलवली. “तुम्हीच जा.”

“मला बघितलं की तो परत दार लावेल.”

“लावेलही,” ते म्हणाले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “मला माफ करा.”

रविवारी सकाळी जिना वाजला. तोमोए सिंकपाशी उभी होती, ती वळली नाही; वळली तर तो परत जाईल असं तिला वाटलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला केइगो दाराशी उभा दिसला. केस त्याने स्वतःच कापले होते, एका बाजूला जास्तच. वडिलांचा कोट खांद्यांवरून उतरत होता.

“आई,” तो म्हणाला. आवाज घोगरा होता, वापरात नसलेला. “विमानतळाची बस अजून स्टेशनवरूनच सुटते का?”

“हो. दक्षिणेच्या दारातून.” तिने नळ उगाचच चालू केला. “छत्री ने. गारा पडतील.”

“हं.”

तो गेल्यावर ती किती वेळ तशीच उभी होती कोण जाणे. मग तिने कोट चढवला आणि दुपारच्या बसने निघाली. मनाशी ठरवून निघाली होती: जायचं, समोर उभं राहायचं, सांगायचं. शिव्या घालेल, घालू दे. निदान वाट बघायला लावायचं नाही.

गच्चीवर जायचं दार काचेचं होतं. बाहेर वाऱ्यात मोठे कॅमेरे घेतलेले दोघं-तिघं होते आणि टोकाच्या बाकावर केइगो. लॅपटॉप त्याने कोटाच्या आत धरला होता, भिजू नये म्हणून. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत त्याच्या बाजूने निघाले, तसा तो ताडकन उठला, कमरेत वाकला आणि काहीतरी बोलला. गृहस्थांनी हात हलवून नाही म्हटलं. केइगो पुन्हा वाकला, माफी मागून बसला. थोड्या वेळाने दुसरे कुणी आले आणि तो पुन्हा उठला.

नऊ वर्षांत तिने तो चेहरा दिवसाउजेडी असा समोरून पाहिला नव्हता. फिकट झाला होता, गाल भरले होते. पण कुणी म्हातारं माणूस दिसलं की तो चेहरा असा काही उजळायचा, की तोमोएचा दारावरचा हात खाली आला. त्या उजेडासमोर जाऊन, मीच तो, असं म्हणायचं बळ तिच्यात नव्हतं. ती वळली, खाली आली आणि बसमध्ये मागच्या बाकावर तोंड रुमालात धरून रडली.

केइगो अंधार पडता पडता परत आला. तोमोएला वाटलं, आता जिना वाजणार, दार लागणार. पण पावलं स्वयंपाकघरात आली. त्याने खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसला. ओल्या केसांतून पाणी टपकत होतं.

“आई, मला एक ओळखीचे आजोबा भेटायचे होते. आले नाहीत.”

“हो?” ती म्हणाली. तिने वाटीत भात वाढला, सूप वाढलं, त्याच्यापुढे ठेवलं. 

“न सांगता चुकवणारे नाहीत ते. मी मजकूरही पाठवला. उत्तर नाही.” तो चॉपस्टिक्स हातात घेऊन तसाच बसला. “एकटेच राहतात. बायको गेली. आत पडले-बिडले असतील तर कुणाला कळणार? अशा माणसाचं दार कुणीतरी ठोठावायला हवं ना?”

तोमोए गॅसकडे तोंड करून उभी राहिली. तिला ‘हो’ एवढंच म्हणता आलं.

“मुराकामीला. नदीकाठी, एवढंच माहीत आहे.” त्याने वाटी जवळ ओढली. “मला एकट्याला लोकांच्या दारात जाऊन विचारायला जमेलसं वाटत नाही. तू येशील?”

“येईन.”

“रोज जावं लागेल कदाचित. तुझं काम...”

“सुट्टी घेईन मी. जेव आधी.”

तो जेवला. अजून थोडा भात मागितला. मग वाटी बाजूला सारून त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि मुराकामीचा नकाशा उघडला. नदी डोंगरातून निघून समुद्राकडे आली होती आणि दोन्ही काठांनी छपरांचे ठिपके होते. वर डोंगरात तुरळक, खाली गावात दाट. त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

“कुठून सुरुवात करायची?”

तोमोएने हात पुसले, चष्मा लावला आणि नदीवरून बोट हळूहळू खाली आणलं. जिथे सगळ्यात जास्त घरं होती, तिथे तिने ते टेकवलं.

“इथून,” ती म्हणाली.