चाळीसपैकी नऊ

शाळेत त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. तेवीस वर्षं सुतारकामाचा वर्ग घेत होते, म्हणून रंधासर. मुलांसाठी पाठीमागे, मुख्याध्यापिका बाईंसाठी तोंडावर. वर्ग तळमजल्यावर, सायकलस्टँडला लागून. सहा बाकं, भिंतीवर करवती आणि पटाश्या, आणि प्रत्येक हत्यारामागे त्याच्याच आकाराची काळी रेघ, म्हणजे एखादं जागेवर नसलं की दारातूनच कळावं.

सहामाही संपता संपता पत्र आलं की अनुदान निम्म्यावर आलं आहे. बाईंनी सरांना बोलावून घेतलं.

“संगीत बंद होणार, ते ठरलंय. तुमच्या वर्गाचं समिती ठरवेल. जुनी मुलं आज काय करतात, ते शोधून लिहून आणा. आकडा चांगला आला तर मी भांडेन.”

आकडा चांगलाच येणार, याबद्दल सरांच्या मनात शंका नव्हती. जुन्या हजेरीपटांतून त्यांनी चाळीस नावं काढली आणि रोज शाळा सुटली की ते पत्ते शोधत हिंडू लागले. पहिल्याच आठवड्यात ती खात्री डळमळली. कुणी बस चालवत होतं, कुणी इमारतीच्या दारात पहारा देत होतं. एकीने रोपवाटिका काढली होती. तिने त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाली, “सर, सगळीकडे मी ढ होते. तुमच्या वर्गात नव्हते.” पण समितीच्या कागदावर प्रश्न एवढाच होता की शिकलेल्या व्यवसायात काम करते का. त्यांनी ‘नाही’ लिहिलं.

फरशांच्या गोदामात भेटलेला तर सरळ अंगावर आला. तिशीचा गडी, वर्गात त्याचा हात सगळ्यांत सफाईदार.

“खरं सांगू का सर? फर्निचरच्या कारखान्यात गेलो होतो. तिथे रंधा कुणी हातात धरत नाही, सगळं मशीनवर. मशीनसाठी गणित विचारलं, मला येईना. तुमच्याकडे टाकलं त्या दिवसापासून गणिताच्या सरांनी माझी वहीच बघितली नव्हती. याला काय करायचंय गणित, म्हणायचे.”

“मला कधी बोलला नाहीस.”

“तुम्ही शाबासकी देत होता. मला वाटलं, चाललंय ते बरंच चाललंय.”

सर त्या दिवशी पुढच्या पत्त्यावर गेले नाहीत.

चाळीसपैकी व्यवसायात टिकलेले निघाले मोजून नऊ. बाईंनी कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. “पंधरा-सोळा करता येणार नाहीत का? बस दुरुस्त करणारे, खिडक्या बसवणारे, हे त्यातच धरा ना.”

“बस चालवतो तो, दुरुस्त नाही करत,” सर म्हणाले. नऊचे नऊच राहिले.

समिती वाचनालयात बसली. मुख्याध्यापिका बाई धरून पाच माणसं, मध्ये पाण्याच्या बाटल्या. सरांनी आकडा सांगितला, गोदामातल्या मुलाचं म्हणणंही सांगितलं. मग म्हणाले की दोष वर्गाचा नाही, जुन्या हत्यारांचा आहे. दोन मशीन द्या, आणि या मुलांना गणित सोडू देऊ नका. माना डोलल्या. तेवढ्यात टोकाला बसलेल्या दुसऱ्या एका सदस्य बाईंनी अगदी मवाळपणे विचारलं, “तुमची मुलगी याच शाळेत होती ना? तिने हा वर्ग घेतला होता?”

“नाही.”

“तिला नको होता?”

गप्प बसता आलं असतं. तिला आवड नव्हती असं सांगून सुटताही आलं असतं. सर टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

“तिला हवा होता,” ते म्हणाले. “मीच घेऊ दिला नाही. तिला चांगले मार्क होते.”

वर्ग बंद करायचा, असा निकाल चार विरुद्ध एक मतांनी झाला. विरोधातला तो एक हात मुख्याध्यापिका बाईंचा.

घरी मुलगी ऑफिसातून येऊन भाजी चिरत होती. विम्याचे अर्ज तपासायची तिची नोकरी. सरांनी तिला सगळं सांगितलं.

“तू विचारलं होतंस, आठवतं?”

“आठवतं. तुम्ही म्हणालात, तो वर्ग मागे राहिलेल्या मुलांसाठी आहे.” तिने सुरी खाली ठेवली नाही. “बाबा, तुम्हीच असं म्हटल्यावर मी लोकांना काय सांगणार होते, माझे बाबा काय शिकवतात ते?”

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. सर बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. जेवायला बोलावलं तेव्हाच आले.

सुट्टीनंतर बाकं टेम्पोत चढली आणि खोलीत परीक्षांचे जुने गठ्ठे आले. सरांना वाचनालयात बसवलं. वर्गातली अकरा मुलं इतर तुकड्यांत वाटली गेली. त्यांतली एक डावखुरी मुलगी महिन्याभरात यायची बंद झाली. ती पंधरा वर्षांची, बोलायला कमी. उजव्या हातासाठी केलेली बाकाची मांडणी तिला जमत नसे, म्हणून ती बाकाच्या उलट्या बाजूला उभी राहून काम करायची, आणि तिचा सांधा असा बसायचा की कागद आत शिरू नये.

सर तिच्या घरी गेले. तिसरा मजला, दाराशी ओल्या कपड्यांची रास. आई लोकांचे कपडे धुऊन द्यायची. मुलगी खोकी भरण्याच्या कामाला लागली होती.

“शाळा सोडू नकोस,” सर म्हणाले.

“तिथे आता माझं काय काम आहे?” तिने विचारलं. भांडायला नव्हे, खरंच विचारलं.

“दुसरीकडे कुठे शिकता येईल का, सर?” तिनेच पुढे विचारलं.

“बघतो.”

आठवडाभर ते सुतारांच्या दुकानांतून फिरले. एक म्हणाला, शिकवायला सवड कुणाला आहे. दुसऱ्याला मुलगी नको होती. तिसऱ्याने शिकल्याचा दाखला मागितला, म्हणजे नेमका तो, जो शाळेने आता द्यायचा बंद केला होता. चौथा, एक म्हातारा कपाटवाला, म्हणाला, “शनिवारी येऊ दे. पगार नाही. हात बघू.”

सर तसेच तिच्या घरी गेले, जिने चढताना धाप लागली. तिने ऐकून घेतलं.

“शनिवारी आमची दुप्पट पाळी असते, सर.”

“दुसरा दिवस विचारू?”

“सुट्टी एकच असते, आणि तेव्हा आईला कपडे पोचवायचे असतात.” मग ती म्हणाली, “पत्ता मात्र लिहून द्या.”

सरांनी खिशातल्या कागदावर पत्ता लिहिला, वळण कुठे घ्यायचं तेही लिहिलं. तिने तो वाचला, घडी घातली आणि कामाला उशीर होतोय म्हणून त्यांच्या पुढेच जिना उतरून गेली.