कोरडी भिंत

"बाई, पाच तत्त्वांची मारामारी लागली तर जिंकणार कोण?"

विचारला मी, पण प्रश्न माझा नव्हता. माझ्या बाकावरच्या उत्कर्षाने तो विचारून दाखवण्यावर वडापावची पैज लावली होती, आणि वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कुठल्याच पैजेला नाही म्हणत नाही. सत्यशीलाबाई पीटीच्या तासाला आम्हाला ताई ची हा संथ चिनी व्यायाम शिकवतात. हात इतके सावकाश फिरवतात की मागची रांग जांभया देते. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी," त्या म्हणाल्या. "चीनमधले ताओ मानणारे म्हणतात, माती पाण्याला अडवते. पण कायमची नाही. पाणी म्हणजे यिन. थंड, अंधारात साठणारं. यिन काठोकाठ भरलं की त्यातूनच त्याच्या उलटं, तापट यांग उसळतं. मग पाणी मातीवरच उलटतं."

"पण भरलंय ते कळणार कसं?"

"फार गप्प झालं की समजावं."

वडापाव मी जिंकले, पण दोन घासांतच उरलेला उत्कर्षाला देऊन टाकला. मला आमची मागची भिंत आठवली होती.

आमची सोसायटी बिबवेवाडीत, टेकडी कापून बांधलेली. मागची उंच भिंत टेकडीची माती धरून उभी आहे. दर पावसाळ्यात तिच्यात पाणी निघायला ठेवलेल्या पाइपांच्या तोंडांतून गढूळ पाणी गळायचं, डास व्हायचे. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. उन्हाळ्यात त्यांनी सगळी तोंडं सिमेंटने बुजवून घेतली आणि वर पिस्ता रंग मारला. आता कधीपासून पाऊस लागलाय, आणि भिंतीतून एक थेंब नाही. बाबा ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

भिंतीला टेकूनच वॉचमन नागोरावांची पत्र्याची खोली आहे; तिची मागची बाजू म्हणजे हीच भिंत. घरी जायच्या आधी मी तिथे डोकावले. त्यांची बायको, यमुनामावशी, लोखंडी पेटीशी झटत होती.

"काय झालं, मावशी?"

"झाकण भिताडाला अडतंय गं. मागल्या महिन्यात पुरतं उघडत होतं. पेटी काय चालत गेली का?"

पेटी गेली नव्हती. तिचे पाय फरशीवरच्या जुन्या गंजाच्या डागांवर तस्सेच होते. भिंत मात्र झाकणाच्या उंचीवर पोट काढून पुढे आली होती. मी तळवा लावला. गार. कान लावला. काहीच नाही.

धावत वर गेले. बाबा चहा घेत होते.

"बाबा, मागची भिंत फुगलीय. आत पाणी साठलंय."

"अरे वा. शाळेत आता बांधकाम पण शिकवतात?"

"नाही, ताई ची."

"मग प्रश्नच मिटला. उद्या बघू."

"अहो, बघून तरी या," आई म्हणाली.

तेवढ्यात खाली काहीतरी तडकलं. मी खिडकीतून पाहिलं. पिस्ता रंगाचा परातीएवढा पोपडा मावशींच्या पत्र्यावर पडला होता. बाबांचा कप ओठांपाशीच थांबला.

मी पायात चपला सरकवल्या.

"आई, बाबा, नागोराव आणि मावशींना मी आत्ता वर आणतेय. भिंत नीट होईपर्यंत ते माझ्या खोलीत राहतील, मी हॉलमध्ये झोपेन. विचारत नाहीये, सांगतेय. आणि बाबा, मी येईपर्यंत इंजिनिअरला फोन लावून ठेवा."