दोन बटणांमधलं अंतर

चिझुरु नागाओला जेवणाच्या सुट्टीतही एका जागी बसवेना. नव्या कॅमेऱ्याचा आराखडा शुक्रवारी कायमचा ठरायचा होता. एकदा साच्याचं पोलाद कापलं की मग बोंबलून उपयोग नाही. आज मंगळवार. डब्यातला भात तसाच राहिला होता आणि ती हातातल्या नमुन्याची मूठ पुन्हा पुन्हा आवळून बघत होती. काळा, मॅग्नेशियमच्या अंगाचा, लेन्स न लावताही पाऊण किलो भरणारा. जपानमधल्या सुवा गावच्या या कारखान्यात सव्वीस वर्षं ती हेच करत आली होती: बोट कुठे टेकेल, अंगठा कुठे विसावेल, डायल किती कडक फिरेल. यंदाच्या घडणीचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. तरी तिला काहीतरी सलत होतं.

सकाळी ती तळ्यावर ताशिरोसानांच्या शेजारी उभी होती. सत्तरी ओलांडलेले पक्ष्यांचे छायाचित्रकार. कंपनीचा प्रत्येक मोठा कॅमेरा बाजारात येण्याआधी त्यांच्या हाताखालून जाई. हंस उडाले आणि नोव्हेंबरपासून त्यांच्याकडे असलेला नव्या कॅमेऱ्याचा नमुना ऐन वेळी गप्प. त्यांनी घाईघाईने हात खिशात लपवला.

"काय झालं?"

"काही नाही गं. थंडी आहे."

कारखान्यात येऊन तिने त्यांच्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड तपासलं, तर फोटोंच्या जागी नऊ छोटे छोटे व्हिडिओ. शटरच्या मागचं व्हिडिओचं लाल बटण दाबलं गेलं होतं. एकदा नाही, नऊ वेळा.

विभागप्रमुख ओइकावांनी ते पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "म्हाताऱ्याचे हात कापायला लागलेत, नागाओसान. वाईट वाटतं, पण दुसरा माणूस बघा. नमुना तपासणाऱ्या बाकी अकरा जणांची एक तक्रार नाही."

"त्या अकरा जणांनी सप्टेंबरात तपासला," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "उघड्या हातांनी."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती एकटीच तळ्यावर गेली. उणे सात अंश. ताशिरोसान घालतात तसेच जाड हातमोजे तिने चढवले आणि दोनशे वेळा शटर दाबलं. कुठलं बटण कुठे आहे हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. ती बटणं तिनेच बसवली होती. तरी एकतीस वेळा चुकलं. गारठलेल्या बोटाला दोन्ही बटणं सारखीच लागत होती. तशीच उंची, तसाच गोलावा. जुन्या कॅमेऱ्यात शटरभोवती उंच कडा असायची. वरचा भाग देखणा, सपाट दिसावा म्हणून ती कडा यंदा तिनेच काढून टाकली होती. कौतुक झालं होतं ते त्याचंच.

ती धावतच कारखान्यात आली.

"बटण हलवायचं म्हणजे अख्ख्या साच्याचा आराखडा बदलायचा," ओइकावा म्हणाले. "विसरा."

"साचा नको. लाल बटण अर्धा मिलिमीटर खाली बसवू आणि शटरभोवती कडा देऊ. बदलतील ती फक्त बटणं."

"आणि दिसेल कसं?"

"वाईट," ती म्हणाली. मग आपला हातमोजा काढून तिने त्यांच्यापुढे धरला. "डोळे मिटा आणि फोटो काढा."

ओइकावांनी कपाळाला आठ्या घालत हातमोजा चढवला. तिसऱ्याच खेपेला व्हिडिओ सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. चौथ्या खेपेलाही. त्यांनी डोळे उघडून बटणांकडे पाहिलं. "मी पन्नाशीचाही नाही हो," ते पुटपुटले आणि त्यांनी फोन उचलला.

गुरुवारी नवी बटणं बसवलेला नमुना घेऊन ती तळ्यावर पोचली. ताशिरोसानांनी आधी खिशातून एक पाकीट काढलं. "राजीनामा आहे. तुमच्या साहेबांना दे. हात गेले माझे."

"हात नाही गेले. चूक कॅमेऱ्याची होती. म्हणजे माझी." तिने सगळं सांगितलं आणि माफी मागत कमरेत वाकून उभी राहिली.

"नोव्हेंबरपासून!" म्हातारा कडाडला. "दोन महिने झोप नाही मला! दवाखान्यात मेंदूचे फोटो काढून घेतले मी! बायको माझ्या भाताच्या वाडग्याकडे टक लावून बसते, सांडतो का म्हणून!"

ती वाकलेलीच होती. काठावरचा बर्फ करकरत होता.

"सरळ हो आता. कंबर धरेल." त्यांनी कॅमेरा तिच्या हातातून ओढूनच घेतला. हंस उडाले. चिझुरुने पक्ष्यांकडे पाहिलंच नाही, तिची नजर त्यांच्या बोटावर होती. बोट थोडं कापत होतं, ते खरंच होतं. पण कडेला लागून नेमकं जागेवर बसत होतं. शटर एका दमात खडखडत गेलं.

त्यांनी पडद्यावर एकेक फोटो पाहिला. हसले मात्र नाहीत.

"कडा बोचते," ते म्हणाले.

"घासून गुळगुळीत करते. आजच."

"कर. आणि संध्याकाळी घरी ये. हे सगळं बायकोला तूच सांग. माझ्यावर तिचा विश्वास बसायचा नाही."